हासेनंतरचं चौथं स्टेशन

मनमाया पुनला जपानमध्ये येऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत तिने समुद्र एकदाही पाहिला नव्हता. आगेओ स्टेशनपासून चार मिनिटांवर त्यांचं बारा खुर्च्यांचं हॉटेल होतं. नवरा यामबहादूर तंदूर सांभाळायचा, ती कांदा चिरायची, नान थापायची, भांडी घासायची. सोमवारी हॉटेल बंद असायचं, पण सोमवारी झोपेची थकबाकी फेडायची असायची.

यंदा मात्र तसं राहून चाललं नसतं. फेब्रुवारीत त्यांची मुलगी रोजिना नेपाळातल्या त्यांच्या गावाहून, बागलुंगहून आली होती. चौदा वर्षांची. मनमायाने तिला सोडलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. मधल्या काळात आजीने तिला वाढवलं होतं, आणि आई म्हणजे फोनच्या पडद्यावर शनिवारी दिसणारी एक बाई, एवढीच तिची ओळख होती. पोर गुणी होती. उलट बोलायची नाही, ताट उचलून ठेवायची, शाळेत जपानीही भराभर शिकत होती. पण आईला ती 'तुम्ही' म्हणायची. बापाला 'तू', आजीला फोनवर 'तू', आणि आईला मात्र "तुम्ही जेवलात का?", "तुम्ही झोपा, मी दार लावते." चार घरं टाकून राहणाऱ्या बाईशी बोलावं तसं. मनमायाने एकदा नवऱ्यापाशी विषय काढला, तर तो म्हणाला, "मान देते पोरगी, तर त्यातही तुला दुखतंय?"

ऑक्टोबरात एका शनिवारी रोजिनाच्या शाळेत खेळांचा दिवस झाला आणि त्याच्या बदल्यात सोमवारी सुट्टी मिळाली. यामबहादूरने रविवारी दुकान बंद करता करता कागद काढून वेळापत्रकच लिहिलं. सकाळी दहाची गाडी, मग हासेला मोठा बुद्ध, मग समुद्र, मग एनोशिमा बेट, सूर्यास्त, परत. प्रत्येकापुढे मिनिटं.

"फिरायला चाललोय का ऑर्डर पोचवायला?" मनमायाने विचारलं.

"तू फक्त डबा कर. बाकी माझ्यावर सोड."

तिने पहाटे उठून तांदळाच्या पिठाच्या कड्यांसारख्या सेलरोट्या तळल्या, तीळ आणि जीभ चुरचुरवणारे तिमूरचे दाणे घालून बटाट्याचं अचार केलं. डब्याची पिशवी जड झाली, म्हणून फोन आणि पाकीट नवऱ्याच्या पाठपिशवीत टाकलं. गाडीचं कार्ड तेवढं स्वेटरच्या खिशात राहिलं.

हासेचा बुद्ध उघड्यावरच बसलेला आहे, हिरवट, डोंगराएवढा. यामबहादूर त्याच्यासमोर छाती काढून उभा राहिला, जणू पाहुण्यांना घरचाच माणूस दाखवतोय. "लुंबिनीचा. आपला माणूस. बघ रोजिना, परदेशात येऊन केवढा मोठा झाला!"

रोजिना वर बघत होती. ती शांतपणे म्हणाली, "तोही घरी न सांगताच निघाला होता ना? आम्हाला पुस्तकात होतं. बाळ झोपलेलं असताना."

यामबहादूर हसला आणि फोटोसाठी मागे मागे सरकत गेला. मनमाया हसली नाही. तिच्या हातातली पिशवी एकदम जड झाली. पोरीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि त्यामुळेच ते वाक्य कोणासाठी होतं हे तिला नेमकं कळलं.

हासे स्टेशनवर परतले तेव्हा माणसांची झुंबड उडाली होती. तिकडची गाडी छोटी, हिरवी, घरांच्या परसातून जाणारी. फलाटावर यामबहादूर म्हणाला, "थांबा, गाडी येताना एक फोटो," आणि रोजिनाला कोपराला धरून बाजूला उभं केलं. गाडी आली, दारं उघडली. मागच्या लोंढ्याने मनमायाला पिशवीसकट आत ढकललं. तिला वाटलं, दोघं मागच्या दाराने चढतायत. दार बंद झालं. काचेतून तिला नवऱ्याचं उघडं तोंड आणि रोजिनाचा वर गेलेला हात दिसला, आणि मग एक कुंपण, कुणाचे तरी वाळत घातलेले कपडे, बोगदा.

पुढच्या स्टेशनला उतरायचं, हे तिलाही सुचलं. पण ती डब्याच्या अगदी मध्यात चेपली गेली होती. "सुमिमासेन, सुमिमासेन," अशी माफी मागत ती दाराकडे सरकली तोवर दार लागलं. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्या स्टेशनच्या अलीकडे घरं एकदम संपली आणि डाव्या खिडकीत समुद्र आला. अख्खा डबा 'वा' म्हणाला. मनमायाला घाम फुटला होता, तिने तो धड पाहिलाही नाही. चौथ्या स्टेशनवर फोटो काढणारी अर्धी गाडी खाली उतरली, आणि त्यांच्या रेट्याबरोबर तीही.

एकच फलाट. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे समुद्र. उतरलेली गर्दी रेल्वे फाटकाकडे पळाली आणि फलाट रिकामा झाला. पाटीवरची अक्षरं तिला वाचता येईनात. बोलण्यापुरतं जपानी तिला येत होतं, पण ते सगळं स्वयंपाकघरातलं: तिखट किती, नान अजून हवा का, संपलं, माफ करा. परत मागे जावं? आणि ते इकडे यायला निघाले असले तर? पुढे एनोशिमाला जावं? आणि ते मागे शोधत बसले तर? शेवटी ती बाकावर बसली. पुढच्या गाडीत असतील.

पुढच्या गाडीत नव्हते.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बाई बसली होती, गाल सुजलेला, हातात दाताच्या दवाखान्याची पिशवी. तिने मनमायाकडे दोनदा पाहिलं आणि विचारलं, "काही अडचण आहे का?"

"नवरा. मुलगी. हासे. मी एकटी," मनमाया म्हणाली. "फोन नवऱ्याकडे."

म्हातारीने लगेच स्वतःचा फोन काढून तिच्या हातात ठेवला. "लावा, लावा."

फोन हातात आला आणि मनमायाच्या ध्यानात आलं की तिला नवऱ्याचा नंबर पाठ नाही, मुलीचाही नाही. सगळे नंबर फोनमध्ये नावांनी होते. जगात एकच नंबर तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आला असता, तो हॉटेलचा. दिवसातून दहादा गिऱ्हाइकांना सांगायची. दुसरं काहीच सुचेना म्हणून तिने तोच फिरवला. रस्त्यावरच्या मोटारींच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून स्टेशनच्या दाराजवळच्या आडोशाला जाऊन कानाला गच्च लावला. चार वेळा घंटा वाजली आणि तिच्याच नवऱ्याचा आवाज आला, नऊ वर्षांपूर्वी घोकून घोकून भरलेल्या जपानीत: आज आमची सुट्टी आहे. उद्या जरूर या.

"याम," ती यंत्रात म्हणाली, "मी समुद्रापाशी आहे." आणि आपण कुणाशी बोलतोय हे लक्षात येऊन तिने फोन बंद केला.

ती आडोशाला होती तेवढ्यात एक गाडी येऊन गेली. त्याच गाडीत यामबहादूर होता, हे नंतर कळलं. तो दोन उंच माणसांच्या मध्ये अडकला होता आणि बायको एनोशिमालाच गेली असणार अशी मनाची समजूत घालत होता.

म्हातारीने दोन गाड्या सोडल्या. मग तिलाही जावं लागलं. जाताना तिने एक उबदार चहाची बाटली मनमायाच्या हातात कोंबली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "इथून हलू नका. हलला नाहीत तर सापडाल."

मनमाया हलली नाही. डबा मांडीवर घेऊन ती प्रत्येक गाडीचं प्रत्येक दार बघत राहिली. दार उघडलं की छाती भरून यायची, बंद झालं की रिती व्हायची. पाऊण तास झाला, वर आणखी पंधरा मिनिटं झाली. समोर समुद्र आपला चमकत होता. तो कुणाच्या घेण्यादेण्यात नव्हता. तिच्या मनात आलं, पोरीला आज हा दाखवायचा होता, आणि आपणच तिला टाकून पुढे आलो. पुन्हा.

मग एक गाडी आली आणि शेवटच्या दारातून रोजिना खाली उतरली. एकटी. वेणी सुटलेली, गाल लाल. तिने फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, तिला आई दिसली आणि ती धावत आली. जवळ येऊन मिठी वगैरे काही नाही, सरळ अंगावरच आली.

"फोन कशाला दिलास बाबाकडे? अं? आणि दार लागायच्या आत उतरता येत नव्हतं तुला? वेडी आहेस का तू? मी प्रत्येक स्टेशनवर उतरतेय! प्रत्येक! फलाट बघायचा, बाहेर बघायचं, संडासात हाका मारायच्या, मग पुढच्या गाडीची वाट बघायची! बाबा म्हणाला, ती येईल बरोबर एनोशिमाला. मी म्हटलं, नाही येणार, तिला वाचता येत नाही!"

रागाच्या भरात ती 'तू' म्हणून गेली होती. तिला त्याचा पत्ता नव्हता. मनमायाला होता. ती खाली मान घालून शिव्या खात राहिली, आणि आणखी खायची तिची तयारी होती.

"बोल ना! तोंड शिवलंय का?"

"चुकलं गं."

रोजिना धपकन शेजारी बसली. आधी बापाला फोन लावला. "सापडली. हो. बरी आहे. तू तिथेच थांब, तू हलू नकोस आता, नाहीतर तुला शोधायला लागेल." फोन ठेवला आणि गुडघे हलवत समुद्राकडे बघत राहिली. मनमायाने चहाची बाटली पुढे केली. तिने घेतली, पण उघडली नाही.

बाटली मांडीवर आडवी ठेवून ती म्हणाली, "बिस्किटं आणायला जाते म्हणालीस."

कुठलं, कधीचं, हे मनमायाला विचारावं लागलं नाही. "हो."

"पारावर बसवलंस मला. म्हणालीस, हलू नकोस, आलेच."

"हो."

"मी हलले नाही. मुतले तिथेच, पण हलले नाही. अंधार पडल्यावर आजी उचलायला आली तर तिला चावले. अजून वण आहे तिच्या मनगटावर. कोणी आलं की दाखवते, ही बघा माझी नात."

मनमायाच्या तोंडून हसूही फुटलं आणि हुंदकाही. तिने पदर शोधावा तसा स्वेटरची बाही ओढून तोंड पुसलं. नऊ वर्षं ती या प्रसंगाचं उत्तर तयार करत होती. तुझ्यासाठीच गेले, तुझ्या शाळेसाठी, आधी आलेल्या बाबाला इथे एकट्याला जमत नव्हतं, व्हिसा तुझा मिळत नव्हता. सगळं खरं होतं. त्यातलं काहीच तिने सांगितलं नाही.

"तू रडली असतीस ना, तर माझा पाय निघाला नसता," ती म्हणाली. "म्हणून खोटं बोलले. तुला त्रास नको म्हणून नाही. मला नको म्हणून. सोय माझी होती."

रोजिनाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. एक गाडी उलट्या दिशेने आली, थांबली, गेली.

"कुठली?"

"काय कुठली?"

"बिस्किटं. कुठली आणणार होतीस?"

"नारळाची. तुला आवडायची."

"मला नारळाची आवडत नाहीत."

"तेव्हा आवडायची."

"तेव्हा मी पाच वर्षांची होते!" रोजिना म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं. पण ते पुरतं हसू नव्हतं. मध्येच तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती आईच्या खांद्याकडे नाही, तर पिशवीकडे वाकली. डब्याचं झाकण काढून तिने अख्खी सेलरोटी तोंडात कोंबली आणि तोंड भरलेल्या माणसाला रडता येत नाही तशी, न रडता, समोर बघत चावत राहिली. मनमायाने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिने झटकला नाही.

"काय आवडतं मग तुला?" मनमायाने विचारलं.

"सांगेन. एकदम सगळं नाही सांगणार."

"बरं."

"आणि माझा नंबर पाठ कर. आत्ता. म्हण." तिने नंबर सांगितला, मनमायाने म्हटला. चुकला. पुन्हा म्हटला. गाडी येईपर्यंत रोजिनाने तो तिच्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतला, आणि शेवटी पाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत स्टेशनचं नावही वाचायला लावलं.

एनोशिमाला यामबहादूर स्टेशनबाहेर वेळापत्रकाचा कागद मुठीत चुरगाळून उभा होता. बायको दिसताच तो गावच्या बोलीत एवढ्या मोठ्याने ओरडला की आइस्क्रीमच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "कुठे कडमडली होतीस! माझा जीव गेला असता ना इथे! आणि ही पोर, ऐकेल तर शपथ!" मग त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाला, "बेट राहिलं आता. साडेतीनला बेट होतं."

"राहू दे बेट," रोजिना म्हणाली. "मला पाण्यात जायचंय."

तिघं वाळूवर उतरली. पाणी गार असणार, आजारी पडशील, उद्या शाळा आहे, हे सगळं यामबहादूरने ओळीने सांगितलं. तोवर रोजिना बूट काढून घोट्यापर्यंत शिरली होती. लाट आली तशी किंचाळली, मग बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "खरंच खारट आहे की!" असं तिने काठावरच्या दोघांना ओरडून सांगितलं, जणू हे आजवर कुणाला ठाऊकच नव्हतं.

"काय चाललं होतं तुमचं इतका वेळ?" यामबहादूरने हळूच विचारलं. "दोन गाड्या सोडल्यात."

"बोलत होतो," मनमाया म्हणाली. त्याने खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या, कारण दिवसभर उभं राहून सुजलेल्या पायांवर तिला वाकता येत नसे. मोजे त्याने स्वतःच्या खिशात कोंबले. मग तिने ओल्या वाळूत एक पाऊल टाकलं, पाण्याने वाळू खालून ओढून नेली, तिचा तोल गेला आणि तिने हात पसरले. समोरून रोजिना तिच्याकडे यायला वळली होती.