निशाणी शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. खरे सांगायचे तर आता अर्धीच उरले आहे. शिडीने भिंतीला टेकून उभे राहावे आणि वर आभाळ बघावे. मी मात्र एका खोलीत, एका खाटेच्या वर, दोरांनी आडवी टांगलेली आहे. असे का झाले ते सांगते. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून तोंडे वाकडी करू नका.

मला एका तिरसट सुताराने घडवले. लाकूड निवडताना तो बापाचेही ऐकत नसे. गाठ नसलेले, सरळ रेषांचे, चिवट लाकूड मिळेपर्यंत त्याने गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवले. ते गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण रंगारी. घरे रंगवायची आणि दुकानांच्या पाट्या लिहायच्या, हा त्याचा धंदा. मला बघताच तो म्हणाला, "हिला मस्त निळा रंग देतो."

सुतार खेकसला. "रंगारी आहेस म्हणून दिसेल त्याला रंग फासत सुटू नकोस! शिडीला तेल पाजायचं, जवसाचं. रंग लावलास की त्याच्याखाली चीर लपते. मग ती दिसते कधी? तू खाली पडल्यावर."

रंगाऱ्याने ते ऐकले. अख्ख्या शहराला रंगवणाऱ्या माणसाची शिडी जन्मभर उघडीच राहिली. रोज सकाळी तो माझ्या एकेका पायरीवर बोटांच्या पेरांनी टकटक करायचा आणि कान देऊन आवाज ऐकायचा. वैद्याने नाडी बघावी तसे ते चालायचे. मला त्याचा फार अभिमान वाटे.

तो वर चढला की त्याची बायको खाली माझे पाय धरून उभी राहायची. तिला त्याने एकच गोष्ट पढवली होती. "काहीही होवो, आभाळ कोसळो, शिडी सोडायची नाही. तू सोडलीस की मी गेलोच." बाजारातले लोक तिला चिडवायचे, "काय हो, ही शिडी म्हणजे तुमची सवतच म्हणायची!" ती म्हणायची, "सवत कसली? थोरली तीच. मी आपली तिचे पाय धरते." सगळे हसायचे, आणि वरून रंगारीही हसायचा. आमचे दिवस असे बरे चालले होते.

रंगाऱ्याला एक मोठी बहीण होती. आईबाप लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला वाढवले. ती महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होती. आमच्या वस्तीत एवढा एकच दवाखाना होता. निम्मी वस्ती तिच्या हातांवर जन्मली होती. सगळे तिला ताई म्हणत आणि टरकूनही असत. औषध वेळेवर न घेणाऱ्याची ती भर रस्त्यात हजेरी घ्यायची.

एके दिवशी महापौरांनी ठरवले की दवाखाना पाडायचा आणि तिथे गाड्या उभ्या करायला बहुमजली इमारत बांधायची. आजाऱ्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या रुग्णालयात जावे, असे त्यांचे म्हणणे पडले. ताईने अर्ज केले, हेलपाटे घातले, बंद दारांबाहेर बसून राहिली. दवाखान्याला कुलूप लागायचे ते लागलेच. मग निवडणूक जाहीर झाली आणि ताई घरी येऊन म्हणाली, "मी महापौरपदाला उभी राहतेय. अपक्ष."

रंगाऱ्याची बायको म्हणाली, "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"मासा पाणीच संपवायला निघालाय. मग वैर करू नको तर काय करू?" ताई म्हणाली.

अपक्षाला उरलेल्या चित्रांतून निशाणी निवडावी लागते. बादली होती, छत्री होती, कात्री होती. ताईने शिडी घेतली. भावाकडे बघून म्हणाली, "हिनेच आपलं घर चालवलंय. शहरही चालवील." मित्रांनो, त्या दिवशी मी अंगणातल्या भिंतीला टेकून उभी होते. पण मला वाटले, मी आभाळाला टेकले आहे!

रंगाऱ्याने धंदा बाजूला ठेवला. प्रचारासाठी त्याला भिंती हव्या होत्या. तो दारोदार गेला आणि प्रत्येकाने हात वर केले. दुकानाचा परवाना महापालिकेच्या हातात, मग भिंत कोण देणार? किराणा दुकानदाराची भिंत सगळ्यात मोक्याची होती. तो रंगाऱ्याचा लहानपणापासूनचा दोस्त. तो म्हणाला, "मत ताईलाच रे, देवाशपथ! पण भिंत मागू नकोस. माझं पोट आहे त्यावर." रंगारी पुढच्या दाराकडे वळला. फक्त बेकरीवाल्या बाईने आपली भिंत दिली. तिची तीन मुले ताईच्या हातांवर जन्मली होती. भिंत उंच होती, चौकातून सरळ दिसणारी.

ताईच्या बाजूने एक निवृत्त मास्तर प्रचाराची व्यवस्था बघत. माणूस भला, पण हौशी. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ते मला निरखून म्हणाले, "ही निशाणी? अहो, ही तर भंगारात काढल्यासारखी दिसते. उद्या फोटो निघतील. जरा पिवळाधमक रंग द्या की!"

"शिडीला रंग लावत नसतात, मास्तर," रंगारी म्हणाला.

"एरवी नसतील लावत. ही आता नुसती शिडी आहे का? ही ताई आहे."

रंगारी तिथे विरघळला. बहिणीचे काही मळके दिसू नये, एवढेच त्याच्या मनात होते. त्याने मला पिवळा रंग दिला. खरे सांगू? मला तो आवडला. जन्मभर तेलकट राहिलेल्या बाईला कोणी नवे लुगडे नेसवावे, तसे मला झाले.

मिरवणुकीत मला टेम्पोच्या टपावर आडवी बांधली. माझ्यावर दोन दणकट कार्यकर्ते बसले आणि घोषणांच्या तालावर उड्या मारू लागले. "आमची ताई, आमची शिडी!" वरच्या बाजूची एक पायरी आतून करकरली. त्या गोंगाटात कोणाला ऐकू जाणार?

दुसऱ्या दिवशी बेकरीची भिंत रंगवायची होती. माझ्यावर ओरखडे पडले होते. रंगाऱ्याने ते लांबीने, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्याने, भरले, वर पिवळ्याचा आणखी एक हात मारला. चीर त्याच लांबीखाली गेली. आणि रोजची टकटक त्याने त्या दिवशी केली नाही. कारण काय, तर रंग अजून पुरता सुकला नव्हता, बोटांचे ठसे उठले असते. पायरीच्या कडेला फडके गुंडाळून, सांभाळून सांभाळून तो वर चढला. अरे, माझ्या रंगाला एवढा जपलास, स्वतःला जपायला काय झाले होते तुला? मी किती कळवळले! पण लाकडाला तोंड नसते, मित्रांनो. आज बोलते आहे ते तुम्ही ऐकता म्हणून.

त्याने भिंतीवर माझे चित्र काढले. खाली ताईसाठी मोठी अक्षरे लिहायला घेतली. मध्येच मागे झुकून त्याने विचारले, "काय गं, सरळ येतंय ना?"

बायको खालून म्हणाली, "थोडं डावीकडे कललंय."

तो डावीकडे सरकला आणि पायरी मोडली.

तो तिच्या अगदी शेजारून खाली गेला आणि पदपथाच्या कडेवर पाठीवर आपटला. आणि ती? ती मला तशीच धरून उभी होती. शिडी सोडायची नाही, हेच तिला वर्षानुवर्षे ठाऊक होते. बेकरीवाल्या बाईने येऊन तिची बोटे एकेक करून माझ्यापासून सोडवली. तेव्हा कुठे तिने किंकाळी फोडली.

पुढचे मी घरात ऐकले. लोकांनी त्याला हातापायांना धरून उचलले आणि सवयीने दवाखान्याकडे धावत नेले. दवाखाना बंद आहे, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानातच राहिले नाही! कुलूप बघून ते मागे फिरले. वाटेत ताई भेटली. "पाठीवर पडलेल्याला असं हातापायांना धरून उचललं कोणी? कणा तुटतो! फळी का नाही घेतली?" असे ती ओरडली. दवाखाना उघडा असता तर माणूस उचलायची फळी तिथे भिंतीलाच होती. मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत रंगाऱ्याच्या पायांतली जाणीव पार गेली होती. ती परत आली नाही.

महापौरांच्या माणसांना मात्र आयते कोलीत मिळाले. त्यांची गाडी गल्लोगल्ली ओरडत फिरली, "जी शिडी सख्ख्या भावाला पेलली नाही, ती शहराला काय पेलणार?" लोक हसले. विचारपूस करायला आलेलेही जाताना अंगणात हसले. ताईने प्रचार सोडला आणि ती रुग्णालयात भावाच्या उशाशी बसून राहिली. निवडणुकीत ती सपशेल पडली. दवाखान्याच्या जागी आता गाड्या उभ्या असतात.

रंगाऱ्याला घरी आणल्यावर बायको कुऱ्हाड घेऊन माझ्याकडे आली. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! हिला चुलीत घालते," ती रडत म्हणाली.

"थांब," तो खाटेवरून म्हणाला. "आण तिला इकडे."

त्याने मला छातीवर आडवी घेतली आणि पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडायला लागला. खरवडता खरवडता मोडक्या पायरीच्या खोबणीतून लांबी निघाली. त्याने ती बोटांवर घेऊन बघितली. स्वतःचा हात माणूस ओळखतो.

"ताई," तो म्हणाला, "ते काहीही म्हणोत. शिडी वाईट नव्हती. तूही नव्हतीस. मी बघायचं सोडून सजवत बसलो."

ताई त्याच्या पायांना तेल चोळत होती. "गप रे," एवढेच ती म्हणाली, आणि मान फिरवून रडली.

मग तिनेच माझा मोडका भाग कापवून टाकला आणि चांगला भाग खाटेवर टांगला. आता रंगारी माझ्या पायऱ्या हातांनी धरतो आणि अंग ओढत उठून बसतो. ताई रोज येऊन त्याची कूस बदलते, पाठीच्या जखमा धुते. शहर सांभाळायला निघालेली बाई एक खाट सांभाळते आहे. जखमा बऱ्या होत नाहीत. हे तिला कळते, त्यालाही कळते, आणि दोघेही एकमेकांना ते सांगत नाहीत.

मागच्या आठवड्यात किराणा दुकानदार धावत आला. त्याच्या म्हाताऱ्या आईला श्वास घेता येत नव्हता. ताई ओल्या हातांनीच त्याच्या घरी गेली. पण नुसत्या हातांनी काय होणार? रुग्णालय दूर. म्हातारी वाटेतच गेली.

काल तो पुन्हा आला, दारातच उभा राहिला. मग रंगाऱ्याला म्हणाला, "पुढच्या खेपेला ताई उभी राहिली तर माझी भिंत घे. परवाना गेला तर गेला."

रंगाऱ्याने माझी पायरी धरून स्वतःला जरासे वर ओढले. दोस्ताकडे बघितले. रागाने नव्हे.

"भिंत चांगली आहे रे तुझी," तो म्हणाला. "पण आता रंगवणार कोण?"

ताईने भावाला कुशीवर वळवले आणि पाठ धुवायला घेतली.

मित्रांनो, ज्याच्यावर भार टाकायचा त्याला सजवू नका, नीट तपासा आणि जपा, मग ती शिडी असो की माणूस. आणि कोणी तुमच्यासाठी वर चढायला निघाला, दारात येऊन तुमची भिंत मागू लागला, तर त्याला तेव्हाच हो म्हणा. तो रोज येणार नाही. आमच्या घरातला तर आता दारापर्यंतही जाऊ शकत नाही.