कोंबड्यांची कवायत

"ओट्यावरचा दिवा लागायच्या आत पाचही खुराड्यात. एक जरी बाहेर राहिली, तर उद्या सकाळी अंडीवाल्याला बोलावून सगळ्या देऊन टाकायच्या," सासूबाईंनी फर्मान काढलं आणि शेंगांची परडी मांडीवर घेऊन खुर्चीत ठाण मांडलं.

सुनेने मान हलवली. गेल्या आठवड्यात तिच्या लाडक्या पाचजणींनी सासूबाईंच्या पालकाच्या वाफ्याचं पार मैदान केलं होतं. तेव्हापासून त्या कोंडलेल्या. आज चार वाजता परीक्षेपुरती सुटका.

कोंबड्या गेल्या तर घराचं काही अडणार नव्हतं. तिचं अडणार होतं. लेक चिंगी झाल्यापासून दिवसभर कुणी ना कुणी तिला हाका मारत असे. सकाळचा खुराड्यापुढचा पाव तास तेवढा तिचा. कोंबड्यांना दाण्यांपलीकडे काही नको असे, आणि लेकीचं वजन का वाढत नाही, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून तिने आठवडाभर कसून तयारी केली होती. पत्र्याच्या डब्यात मूठभर दाणे घ्यायचे, खुळखुळवायचे आणि लगेच खुराड्यात टाकायचे. आवाज झाला की खाऊ, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नियम एकच, आवाज करून कधी फसवायचं नाही.

चार वाजता तिने कडी काढली. पहिली मास्तरीण बाहेर आली, वर्ग तपासायला निघाल्यासारखी. मागोमाग पिसं सावरत नटवी, मग भोपळी आणि शेवटी एकमेकींना ढुशा देत जुळ्या.

"आई, चिंगीकडे बघाल ना जरा? कपडे पिळून येते."

"बघते की. पळून कुठे जातेय ती!"

चिंगी पळाली नाही. सासूबाईंचा मात्र शेंगा सोलता सोलता डोळा लागला.

सून बादली घेऊन परत आली, तेव्हा कुंपणापलीकडे शिंपीकाका खिडकीत मशीन थांबवून पोट धरून हसत होते.

"सूनबाई, तुमच्या लेकीने काय कवायत घेतली हो! डबा वाजवला की पाचही धावत हजर. झाकण काही तिला उघडेना, मग नुसत्याच टाळ्या. पुन्हा डबा, पुन्हा धावाधाव. अकरा वेळा! मी मोजलं ना!"

"आणि बाराव्या वेळी?"

"बाराव्या वेळी मास्तरणीने मानसुद्धा वळवली नाही."

अडीच वर्षांच्या चिंगीने डबा छातीशी धरला होता आणि चेहऱ्यावर अगदी सेनापतीचा तोरा. तिच्या हातून तो काढून घेत सुनेने खुळखुळवला. कुंपणाशी माती उकरणाऱ्या पाचजणींनी तिच्याकडे पाठ फिरवली. तिने दाणे फेकून पाहिले. जुळ्या दोन पावलं आल्या, तेवढ्यात चिंगी आनंदाने किंचाळत धावली आणि सगळ्या पाच दिशांना पांगल्या.

"अंधार पडला की येतील आपण होऊन," काका म्हणाले.

"अंधाराच्या आधी दिवा लागतो, काका."

सासूबाई आता टक्क जाग्या होत्या. त्यांची नजर कोंबड्या मोजत होती. कुंपणावर थोट्या शेपटीचा बोका येऊन बसला. सूनबाईने पदर खोचला, भोपळीच्या मागे अंगणभर तीन फेऱ्या मारल्या आणि हाती लागलं एक पीस.

त्यात चिंगीने भोकाड पसरलं. तिची भाताची वेळ झाली होती. भूक काय परीक्षा बघून थांबते! सुनेने वाटीत मऊ भात आणला, चमच्याने कालवला. टिंग टिंग टिंग.

नटवीने मान वर केली.

सून जागच्या जागी थबकली. आठवडाभर ती रोज संध्याकाळी खुराड्याला टेकूनच चिंगीला भरवत होती. लेकीच्या पोटात दोन घास आणि जाळीतून आत चार. लेकीचं वजन का वाढत नाही, याचं उत्तर पाच चोचींना चांगलं ठाऊक होतं!

तिने लेकीला काखेत मारलं आणि वाकून सरळ खुराड्यात शिरली. गुडघे हनुवटीशी, डोक्याला आढं, कुशीला चिंगी. टिंग टिंग टिंग. चिंगीने इमाने इतबारे पहिली मूठ उधळली. नटवी आली. जुळ्या आल्या. भोपळी दारात अडकली, मग आत घरंगळली.

चार.

"मास्तरीण कुठाय गं?" तिने जाळीतून बाहेर पाहिलं. काकांच्या खिडकीत दिवा लागलेला. रस्त्यावरचेही लागलेले. कुंपणावर बोका नव्हता. आणि खुर्चीत सासूबाई नव्हत्या.

तिच्या हातातला चमचा थांबला. बाहेर पडावं तर या चार पुन्हा सुटणार. तेवढ्यात घरामागून, वाफ्याच्या बाजूने, दबका आवाज आला.

"खा गं बाई, ही शेवटची अळी. शेंगांतल्या सगळ्या तुलाच दिल्या आज. पण पुन्हा पालकाला तोंड लावलंस तर बघ! अळ्या वेचून देते म्हणून वाफा काय तुझ्या बापाचा झाला का?"

सुनेला आतल्या आत हसू फुटलं. वाफ्याची वाट कोंबड्यांना कुणी दाखवली, ते आत्ता कळत होतं.

सासूबाई अंधारातून चालत आल्या, काखेत मास्तरीण. "बोका मागे लागला होता हिच्या. म्हटलं, उचलावी," त्या कुणीही न विचारता म्हणाल्या. मास्तरणीच्या चोचीला शेंगेचा हिरवा तुकडा चिकटलेला होता.

"आई, दिवा..." सुनेने ओट्याकडे पाहिलं. ओटा काळोखात बुडालेला होता. रोज सगळ्या गल्लीच्या आधी लागणारा दिवा.

"लावते आहे. मला काय दहा हात आहेत?" सासूबाईंनी मास्तरणीला आत ढकललं. "मोज."

"पाच, आई."

"मग झालं तर. आता तुम्ही दोघी बाहेर येताय, की तुम्हालाही कडी लावू?"

चिंगीने उरलेला भात आजीच्या पायावर उधळला. सासूबाईंनी पाय झटकला, कडी लावली, दोनदा ओढून बघितली आणि मग सावकाश जाऊन ओट्यावरचा दिवा लावला.