आईचं वजन

त्याला सगळे फ्रेमवाला म्हणत. चित्रांना आणि फोटोंना चौकटी करून देणाऱ्या दुकानात तो मिसरूड फुटल्यापासून कामाला होता. लाकडी पट्टी तिरकी कापून चारही कोपरे असे बसवायचा की सांध्यात नख शिरणार नाही. घरी मात्र आई त्याला ढब्बू म्हणायची. लहानपणी तो गोलमटोल होता म्हणून. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

आईची डावी बाजू अर्धांगाच्या झटक्याने गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. बोलणं तेवढं शाबूत राहिलं. ताई लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. त्याचं स्वतःचं लग्न बघू बघू म्हणता राहून गेलं, आणि मग बघायला वेळ कुणाला होता? दुकानात जाण्याआधी तो आईला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत घ्यायचा, तिथून न्हाणीघरात, अंघोळ झाली की परत खुर्चीत. दुपारी जेवायच्या सुट्टीत घरी येऊन पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा तेच. तिच्या काखेत हात घालायचा, ती उजवा हात त्याच्या मानेभोवती टाकायची, आणि तो उचलायचा.

"विमान आलं का माझं?" ती विचारायची.

"आलं. पट्टा बांध."

रोजचाच विनोद, पण त्यावर दिवस ढकलला जायचा.

पाठ दुखायला लागली तेव्हा त्याने ते दुखणं अंगावर काढलं. मलम झालं, शेक झाला, दुकानाच्या मालकाने सांगितलेल्या कुठल्याशा गोळ्या झाल्या. मग कंबरेतून एक कळ निघून उजव्या पायात उतरायला लागली, जणू आत कुणी तापलेली तार ओढतंय. काच कापताना तो एका पायावर उभा राहायचा. मग पाऊलच उचलेना. चप्पल घासत चालायला लागला. शेजारी राहणारे कंडक्टर, म्हणजे नोकरीतून निवृत्त झालेले बसचे कंडक्टर, त्याला जिन्यात गाठून म्हणाले, "अहो, दाखवा कुणाला तरी. आवाजावरून ओळखतो मी आता, तुम्ही येताय ते."

"दाखवतो," तो म्हणाला. पण दाखवलं तर डॉक्टर झोपून राहा म्हणणार, आणि तो झोपला तर आईला कोण उठवणार? मग त्या वाटेलाच तो गेला नाही.

एके दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दारात पाय दगा देऊन गेला. आईला घेऊन तो खाली आला, तो खाली आणि ती त्याच्या अंगावर. तिला फारसं लागलं नाही. त्याला मात्र कंबरेखाली काही आहे की नाही तेच कळेना. दोघंही ओल्या फरशीवर जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यासारखी पडून राहिली. आईने ओरडून ओरडून कंडक्टरांना बोलावलं. त्यांनी दार ढकललं, दोघांकडे पाहिलं, आणि क्षणभर कुणाला आधी उचलावं हेच त्यांना सुचेना. "त्याला," आई म्हणाली. तेवढा एकच शब्द.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या उजेडात फिल्म लावून दाखवलं. एक मणका खालच्यावरून पुढे सरकला होता आणि नस चेपत होता. "स्क्रू आणि सळ्या घालून दोन्ही मणके एकत्र बांधू. मध्ये हाड भरू. काही महिन्यांनी ते एकच हाड होईल. तो सांधा मग कधी हलणार नाही."

कोपरे जोडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने एवढंच विचारलं, "वजन?"

"विसरा."

ऑपरेशनच्या आधी ताई आईला घेऊन गेली. "तू बरा होईपर्यंत," असं ती तीन-चारदा म्हणाली, त्यामुळे त्याला उगाच शंका आली. ताईच्या नवऱ्याने आणि गाडीवाल्याने मिळून खुर्ची जिन्यावरून खाली नेली. तो वर दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मदतीला हात पुढे करायचीही सोय नव्हती.

"ढब्बू," खालून आई ओरडली, "तुझा स्क्रू ढिलाच होता. आता चांगले चार घट्ट घालून घे."

सगळे हसले. तोही हसला.

हॉस्पिटलातले दिवस धुक्यात गेले. घरी आल्यावर खरं दुखणं सुरू झालं. कूस बदलायची तर ओंडक्यासारखं अख्खं अंग एकदम फिरवायचं. वाकायचं नाही, वळायचं नाही, छातीपासून कंबरेपर्यंत कडक पट्टा. खाली पडलेली वस्तू त्याच्या लेखी दुसऱ्या देशात गेलेली असायची. एकदा औषधाची गोळी हातातून निसटून कपाटाखाली गेली, तर तो तिच्याकडे बघत उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गोळीसाठी नव्हे. एवढ्या वर्षांत आईच्या हातून काय काय पडलं असेल, आणि तिने असंच बघत दिवस काढले असतील, हे तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

कंडक्टर सकाळी चहा आणि दोन्ही वेळचा डबा आणून द्यायचे. त्याच्या पायांत मोजे चढवताना "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे" म्हणायचे. एक परका म्हातारा आपल्या पायाशी बसतो याची त्याला लाज वाटायची. पण लाजेने मोजे चढत नाहीत.

ताई रोज फोन करून आईच्या कानाला लावायची.

"दुखतं का रे?"

"नाही."

"खोटारडा."

"तू जेवलीस?"

"जेवले."

फोनवर पुढे काय बोलायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं. सुरुवातीला हा फोन सकाळी यायचा, मग संध्याकाळी, मग एखादा दिवस राहूनच जायचा. "आज झोपली होती रे," ताई म्हणायची.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती त्याला भिंतीला टेकवून उभं करायची, मग खोलीभर चालवायची, मग गॅलरीत, मग जिन्यावर. तो इतका मन लावून करायचा की तिलाच नवल वाटलं. "बाकीच्यांना रागवावं लागतं. तुम्हाला थांबवावं लागतं. एवढी कसली घाई आहे?"

"आईला घरी आणायचंय."

ती त्याचा पट्टा नीट करत होती. तिचे हात थांबले. "इथे उचलायला कुणी असेल ना?"

"आहे," त्याने ठोकून दिलं.

त्याचा बेत त्याने कुणाला सांगितला नव्हता. ती मुलगी गेल्यावर तो न्हाणीघरातली बादली उंच स्टुलावर ठेवून घ्यायचा, म्हणजे वाकावं लागू नये. तिच्यात तळाशी पाणी घालून ती छातीशी धरायची आणि दारापर्यंत न्यायची. दर खेपेला पाणी थोडं जास्त. कळ यायची, दातओठ खाऊन तो उभा राहायचा. एवढं जमलं, आता अजून एवढं, असं करत करत आईच्या वजनापर्यंत पोचता येईल, असा त्याचा हिशेब होता. आई तरी कुठे फार जड होती!

कंडक्टरांनी त्याला बादलीसकट पकडलं. रिकामा डबा न्यायला ते आले होते. त्यांनी आधी बादली काढून घेतली, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकेरीत हाक मारली.

"मूर्खा, सळ्या हलल्या तर पुन्हा फाडतील तुला. मग खाटेवर तू आणि खुर्चीत ती. मी एकटा म्हातारा दोघांना कुठवर पुरणार?"

कंडक्टरांनी बादली रिकामी केली आणि ती आपल्या घरी घेऊन गेले.

पुढच्या तपासणीत हाडाने हाड धरलेलं दिसलं. डॉक्टर खूश होते. पट्टा काढा, चाला, बसून करायचं काम करा. पायातली तार गेली होती, पण पावलाचा थोडा बधिरपणा तसाच राहणार होता. "बाकी छान!" डॉक्टर म्हणाले. त्याने वजनाचं पुन्हा विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो बसने ताईकडे गेला. बसून धक्के सोसवणार नाहीत म्हणून सगळा प्रवास उभ्यानेच केला.

आईची खोली स्वच्छ होती, खिडकीला नवे पडदे होते. खाटेशेजारी एक लोखंडी यंत्र होतं. उंच दांडा, त्याला कापडाची झोळी, खाली चाकं. ताईने झोळी आईच्या अंगाखालून सरकवली, चार कड्या अडकवल्या, बटण दाबलं. घूं घूं करत आई वर गेली, हवेत जराशी फिरली आणि खुर्चीत उतरली. ताईच्या कपाळावर घामाचा थेंबही आला नाही. तो दाराशी हात बांधून बघत राहिला. त्याला आत कुठेतरी एवढा हेवा वाटला की त्याचीच त्याला लाज वाटली.

ताई चहा करायला गेली. तो आईसमोर बसला.

"मी आता बरा झालो. पुढच्या आठवड्यात गाडी करतो. हे यंत्र मिळेल तिकडेही. घरी चल."

आईने नुसती मान हलवली. नाही म्हणून.

"का? ताईने काही..."

"ताई नाही काही म्हणाली. मीच येत नाही."

"अगं, आता मी उचलणारच नाहीये. मशीन उचलेल."

"तुला नाही राहवायचं. एखाद दिवस लाइट जाईल, आणि तू घालशील हात." तिने उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं सरळ केली. बोटं पुन्हा मुडपली. "उचलताना तू कण्हायचास, ढब्बू."

"मी?"

"दोन वर्षं. तोंड मिटून कण्हायचास. तुला वाटायचं मला ऐकू येत नाही. तुझं तोंड माझ्या कानाशी असायचं रे."

त्याला राग आला. तो येईल असं त्याला स्वतःलाही वाटलं नव्हतं. "मग बोलली का नाहीस? तेव्हाच सांगितलं असतंस तर हे ऑपरेशन... निदान..."

"बोलले असते तर इकडे पाठवलं असतंस मला." तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "मला तुझ्यापाशी राहायचं होतं. म्हणून डोळे मिटून घ्यायचे. तुझी पाठ मी मोडली. आता मला तिथे झोप नाही लागणार." आणि मग यंत्राकडे बघून म्हणाली, "मशीन कण्हत नाही."

खरं तर त्याने तेव्हा म्हणायला हवं होतं की तू नाही मोडलीस, मीच डॉक्टरकडे गेलो नाही. तिला तेच ऐकायचं होतं बहुतेक. पण राग अजून उतरला नव्हता. ताई चहा घेऊन आली, आणि ती वेळ निघून गेली. नंतरही ते वाक्य त्याने पुष्कळदा मनात जुळवलं. तिथे गेल्यावर मात्र तोंडातून निघालं नाही.

दुकानाच्या मालकाने त्याला खिडकीपाशी उंच टेबल दिलं. मोठ्या काचा आता दुसरे उचलतात. त्याच्याकडे तळहाताएवढ्या चौकटी येतात. काम चोख होतं. कंटाळा येतो, पण सांगणार कुणाला?

रविवारी तो आईकडे जातो. गेल्यावर तब्येत, हवा, कंडक्टरांचा खोकला एवढं बोलून होतं. मग बोलणं संपतं. इतकी वर्षं त्यांचं बोलणं म्हणजे धर, वळ, पाणी देऊ का, जरा वर सरक, असंच होतं. तेच काम गेलं, तर शब्द तरी कुठून आणायचे? दोघं टीव्ही बघत बसतात. मधेच आई डोळे मिटते. ती झोपली की नुसती मिटून पडली आहे, हे त्याला कळत नाही, आणि तो विचारत नाही.

आईला खाटेवर घ्यायची वेळ झाली की ताई झोळी उलगडायला लागते. त्याआधीच तो उठतो, दोन्ही हात मांड्यांवर टेकून, पाठ सरळ ठेवून, शिकवलं होतं तसं.

"जेवून जा की रे," ताई म्हणते.

"बस जाईल," तो म्हणतो आणि चपला शोधतो.