बोट हलतच नाही

दादाने आपला फोन डॉक्टरांच्या हातात दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू दुकानातलं काहीतरी उचलून नेताना मी सापडले होते. फोनवरच्या व्हिडिओत बाबांचा डावा हात होता, पांढऱ्या चादरीवर पालथा पडलेला. मागून माझा आवाज: "बाबा, ऐकू येतंय ना?" हात तसाच. "दादाकडे राहायचंय?" हात तसाच. "माझ्याकडे राहायचंय?" तरी तसाच. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि दादाने हात लांब करून व्हिडिओ बंद केला.

"बोट हलतच नाही," दादा म्हणाला. "आणि ही गावभर सांगत सुटलीय, की बाबा उत्तरं देतात म्हणून."

पक्षाघाताने बाबांची वाचा आणि उजवी बाजू गेली होती. डाव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं होतं. एकदा उचललं की हो, दोनदा उचललं की नाही, असं मी त्यांच्याशी ठरवून घेतलं होतं. पण डॉक्टर आत आले, किंवा दादा आणि मी एकदम खोलीत असलो, की बाबा डोळे मिटून घ्यायचे. म्हणून बाबा आणि मी दोघंच असताना मी कॅमेरा लावला होता. त्यांना काही कळत नाही असं ठरलं, तर निर्णय मोठ्या मुलाचा, आणि मोठ्या मुलाचा निर्णय कधीच झाला होता. शहराबाहेर एक संस्था होती. तिथे बाबांना नेऊन टाकायचं आणि आपण मोकळं व्हायचं.

"मूळ फाईल कुठेय?" मी विचारलं.

"कार्ड पुसलं. सकाळी शाळेचं शूटिंग होतं."

"पुसलंस?"

"कॉपी केलीय ना. हीच ती."

ही ती नव्हती. बाबांनी सुरू केलेल्या आमच्या व्हिडिओच्या दुकानात दादा शूटिंग करतो, गिऱ्हाइकांपुढे गोड बोलतो. एडिटिंगला मी मरते. कॅमेऱ्यातून काहीही येवो, दादा ते एकाच सेटिंगमधून काढतो. जगातली प्रत्येक फाईल फोनवर मावली पाहिजे, एवढंच त्याला कळतं. कोडेक म्हणजे चित्र दाबून ठेवायची पद्धत, आणि कुठे किती दाबायचं हे कामावर ठरतं, हे त्याला सांगून सांगून माझा घसा बसलाय. कॅमेरा आधीच चित्र दाबतो. पूर्ण चित्र अधूनमधून एखादं, मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच. त्यावर दादाचं ते कंजूष सेटिंग फिरलं, की उरलंसुरलंही जातं. पडदे ओढलेली खोली, पांढरी चादर, फिकट बोट. ते किंचित उचललं गेलं तर ते सेटिंग म्हणतं, इथे काही झालेलं नाही, मागचंच चित्र पुढे चालवा. दादाचा स्वभावही तसलाच आहे.

हे मी डॉक्टरांसमोर बोलले. शेवटचं वाक्यसुद्धा. दादाचा आवाज चढला, माझा त्याच्यावर चढला. त्याने माझं मोडलेलं लग्न काढलं, मी त्याचं बायकोपुढे शेपूट घालणं काढलं. आमच्या मधे कॉट होती आणि कॉटवर बाबा डोळे मिटून पडले होते.

"उद्या सकाळपर्यंत काय ते दाखवा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर हे संस्थेच्या कागदांवर सही करतील. आणि आता दोघंही बाहेर व्हा."

दादाला एक गोष्ट माहीत नव्हती. कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, आणि मी दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्डिंग लावलं होतं. दुसरं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. दादावर विश्वास ठेवणं मी कधीच सोडून दिलंय.

दुकानात जाऊन मी ते लावलं. एडिटिंगच्या कोडेकमध्ये फाईल बदलून घेतली. त्यात प्रत्येक चित्र पूर्ण असतं आणि एकेक करून न अडखळता पुढे सरकवता येतं. फाईल अवाढव्य होते.

"डिस्क भरून टाक सगळी," माझ्या मागे उभा राहून दादा म्हणाला.

"तुझ्या बापाचीच आहे."

मी चित्रं पुढे सरकवू लागले. ऐकू येतंय ना? बोट चादरीवरून वर आलं आणि खाली गेलं. एकदा. इतकं स्पष्ट, की नखाखाली पडलेली सावलीसुद्धा दिसत होती.

"स्नायू उडतात असे," दादा म्हणाला. आवाज मात्र उतरला होता.

दादाकडे राहायचंय? बोट वर आलं. खाली गेलं. पुन्हा वर आलं.

"मोज," मी म्हणाले. "की मोजून दाखवू?"

मला आनंद झाला, कशाला खोटं बोलू? इतक्या वर्षांत त्याचं तोंड असं बंद झालेलं मी पाहिलं नव्हतं.

माझ्याकडे राहायचंय? बोट वर आलं. खुर्ची वाजली, मी धावले होते. माझी बाही चित्राच्या कडेला आली. मी व्हिडिओ थांबवायला हात पुढे केला.

"थांब," दादा म्हणाला. "चालू दे."

बोट दुसऱ्यांदा वर आलं.

तेव्हा मी बाबांच्या छातीवर डोकं टेकून रडत होते. आवाज येत होता माझा: मला माहीत होतं, बाबा, मला माहीत होतं. आणि कडेला माझी बाही, आणि खाली ते बोट. दोनदा. थोडं थांबून पुन्हा दोनदा. मी गप्प होईपर्यंत ते तेच सांगत राहिलं.

दादा हसला. कुत्सितच हसला, पण ते फार टिकलं नाही. मला त्याचा राग येईना. बाबांचा येत होता. मी त्यांचं सगळं केलं, आणि त्यांना मीसुद्धा नको होते.

"बोट पहिल्यांदा उचललं, तिथेच काप," थोड्या वेळाने दादा म्हणाला. "तुझं तेच काम आहे. जिंकशील."

"आणि तू सांगशील डॉक्टरांना."

"सांगेनच." तो स्टुलावर बसला. "नाहीतर माझ्या सेटिंगने काढ. काहीच हललं नाही. तुझीही लाज राहील, माझीही."

यादीत त्याचं सेटिंग सगळ्यात वर होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं भलं एकाच बटणात होतं. ते दाबलं असतं तर बाबा काही न कळणारा माणूस म्हणून त्या संस्थेत गेले असते, आणि त्यांनी आम्हाला काय सांगितलं हे कोणालाही कळलं नसतं. माझं बोट त्यावर गेलं होतं.

मी खालचं निवडलं. न कापता, पूर्ण.

"फोनवर मावणार नाही," दादा म्हणाला.

"पेनड्राइव्हवर नेऊ."

सकाळी डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. आम्ही दोघंही खिडकीकडे बघत होतो. "तुम्ही बाहेर थांबा," ते म्हणाले आणि नर्सला घेऊन बाबांच्या खोलीत गेले. दार लागलं.

आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसलो. बऱ्याच वेळाने नर्स पाणी न्यायला बाहेर आली आणि आम्हाला बघून हसली.

"भलतेच बोलके आहेत हो तुमचे बाबा," ती म्हणाली. "थांबायलाच तयार नाहीत."

मी उठले, दादाही उठला. तिने हात आडवा धरला.

"तुम्हाला आत सोडू का, ते डॉक्टरांनी विचारलंय त्यांना," ती म्हणाली. "दोनदा उचललं."