बिननावाचं पत्र

फिर्यालने तिसरा मामूल, खजूर भरलेलं बिस्कीट, कागदी रुमालात गुंडाळला, आजूबाजूला एक नजर टाकली आणि तो नुहादच्या पर्समध्ये कोंबला.

"माझ्या पर्समध्ये कशाला?" नुहाद म्हणाली.

"माझी भरली. आणि तू आज बक्षीसवाली. तुझी पर्स कोण तपासणार?"

"बक्षीस अजून मिळालेलं नाही."

"नाही मिळालं तर खजूर तरी घरी जाईल."

नुहादला हसू आलं. बावीस वर्षं ती एकाच खासगी इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर परिचारिका होती आणि त्यातली अकरा वर्षं फिर्याल त्याच मजल्याची फरशी पुसत आली होती. निमंत्रणावर एका माणसाला सोबत आणायची मुभा होती. नवऱ्याने टॅक्सी सोडून यायला साफ नकार दिला, म्हणून फिर्याल आली होती, ठेवणीतला जांभळा स्कार्फ बांधून. दुपारचे साडेतीन वाजले होते. पाचव्या सर्कलजवळच्या त्या हॉटेलात अम्मानमधल्या झाडून सगळ्या खासगी इस्पितळांची माणसं जमली होती. उत्तम इस्पितळ झालं, उत्तम प्रयोगशाळा झाली, एवढंच काय, उत्तम मुदपाकखानासुद्धा झाला. आता शेवटचं बक्षीस राहिलं होतं, वर्षातल्या परिचारिकेचं.

त्यासाठी पाच जणींना बोलावलं होतं. प्रत्येकीबद्दल कुणा ना कुणा पेशंटने पत्र लिहिलं होतं, पण कुणी लिहिलं ते पाचजणींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. नुहादचा अंदाज होता की आपलं पत्र त्या येमेनी म्हाताऱ्याचं असणार. त्याचा पाय कापायचा वाचला होता आणि जाताना तो तिच्या सात पिढ्यांना दुवा देऊन गेला होता.

व्यासपीठावर डॉ. हिकमत उभे राहिले. ते नुहादच्या इस्पितळाचे संचालक, आणि या वर्षी सगळ्या खासगी इस्पितळांच्या संघाचे अध्यक्षही. उंच, सडपातळ, बोलण्यात ताठ माणूस. मार्चमध्ये त्यांची आई गेली तेव्हापासून ते थोडे वाकल्यासारखे दिसत, पण आज खांदे सरळ होते.

"गेल्या वर्षी हे बक्षीस कसं दिलं गेलं ते तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "एका बड्या घरातल्या सासूबाईंनी चार ओळी लिहिल्या आणि सगळे परीक्षक उठून उभे राहिले."

सभागृहात हशा पिकला.

"म्हणून यंदा मी नियम केला. पत्रावरचं पेशंटचं नाव काळं. परिचारिकेचं काळं. इस्पितळाचंही काळं. पत्र टाइप करून परीक्षकांना द्यायचं, म्हणजे अक्षरावरूनही कुणी ओळखायला नको. निवडलेलं पत्र मीसुद्धा अजून वाचलेलं नाही. वाचलं असतं तर सकाळपासून कुणाच्या तरी मामाचा मला फोन आला असता."

पुन्हा हशा झाला. जनसंपर्क विभागातल्या लुबनाने त्यांच्या हाती एक फोल्डर आणि एक बंद पाकीट दिलं. डॉक्टरांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"पत्रपेटीवर लिहिलं आहे की नाव काळं करण्यात येईल. म्हणून मोकळेपणाने लिहिते. मी चौतीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. उत्तर माहीत असून जी मुलगी वहीवर हात ठेवते, ती मला लांबून ओळखू येते."

नुहाद सावरून बसली. येमेनी म्हाताऱ्याने गणित शिकवलेलं नव्हतं. तिच्या मजल्यावर गणिताच्या बाई एकच येऊन गेल्या होत्या.

व्यासपीठावर डॉक्टर किंचित थांबले, पण तेवढंच. गणित शिकवलेल्या बाया अम्मानमध्ये पुष्कळ असतील.

"या इस्पितळात आल्यापासून सगळेच वहीवर हात ठेवून होते," ते वाचत गेले. "डॉक्टर, नर्सेस, माझ्या घरची माणसं. माझ्या फाइलीवर हिरवी पट्टी लावलेली मी पाहिली. शेजारणीच्या फाइलीवर नव्हती."

हिरवी पट्टी म्हणजे पेशंटला सांगायचं नाही. ज्याचं नाव घेत नाहीत तो आजार असला की घरची माणसं आधी डॉक्टरला बाजूला घेतात, शपथा घालतात आणि फाइलीवर पट्टी लागते. बावीस वर्षांत नुहादने अशा कितीतरी पट्ट्या स्वतःच्या हाताने लावल्या होत्या. डॉ. हिकमतच्या आईच्या, हज्जा वजीहांच्या, फाइलीवरची मात्र डॉक्टरांनी स्वतः लावली होती. मग त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, आईला अल्सर आहे. ज्याच्या तोंडून दुसरा शब्द निघेल त्याने दुसऱ्या दिवशी युनिफॉर्म धुऊन परत आणून द्यावा.

"फिर्याल," नुहाद कुजबुजली. "हे पत्र हज्जांचं आहे."

फिर्यालचा घास तोंडातच राहिला.

"त्यांनी पत्र कधी लिहिलं? पेटी तर खाली तळमजल्यावर. त्यांना पलंगावरून उतरता येत नव्हतं."

फिर्यालने मोठ्या कष्टाने घास गिळला. "मी टाकलं."

"काय?"

"चिकटवलेलं होतं गं. मला वाटलं, जेवणाची तक्रार असेल. जेवणाबद्दल त्या रोज काहीतरी म्हणायच्याच."

उठून बाहेर जावं असं एकदा नुहादच्या मनात आलं, पण त्या रांगेतून बाहेर पडायचं तर अकरा माणसांचे गुडघे ओलांडावे लागणार होते आणि सगळं सभागृह पाहणार होतं. ती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसून राहिली.

"मी एकीला विचारलं," डॉक्टर वाचत होते. "तिने दार लावलं, टीव्ही बंद केला, खुर्ची ओढून जवळ बसली आणि मी विचारलं त्याचं उत्तर दिलं. एका शब्दात. मग ती रडली, मी नाही. किती दिवस तेही मी विचारलं. ती म्हणाली, रमजान लागेल, ईद कदाचित नाही. बरोबर उत्तराला मी नेहमी पूर्ण गुण दिले आहेत."

सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मान हलवली, ती पसंतीची की नापसंतीची ते मागून कळत नव्हतं. डॉक्टरांनी पान उलटलं.

"माझ्या बहिणीशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. वडिलांच्या जैतुनाच्या मळ्यावरून. त्या दिवशी मी तिला फोन केला. ती इर्बिदहून..."

इथे डॉ. हिकमत थांबले.

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. तोच शब्द पुन्हा वाचावा तसे ओठ हलले, आवाज मात्र फुटला नाही. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. लुबना घाईने जवळ गेली आणि कागद घ्यायला तिने हात पुढे केला. डॉक्टरांनी तो कागद छातीशी धरला. लुबना मागे सरली. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. पेटीतली अडीचशे पत्रं तिने टाइप केली होती, आणि नाव काळं करायचं म्हटल्यावर नाव वाचायची तसदी तिने घेतली नसावी.

"ती इर्बिदहून आली," डॉक्टरांनी पुढे वाचलं. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. "शेजारच्या पलंगावर झोपते. अजून घोरते. माझ्या मुलाला वाटतं, मावशी आपली सहज आली. तो रोज संध्याकाळी येतो आणि अल्सर बरा होतोय म्हणतो. मी हो म्हणते. ज्याला आयुष्यात चहा करता आला नाही, तो माझ्यासाठी स्वतःच्या हाताने मुहल्लबिया करून आणतो. तांदळाचं पीठ, दूध, साखर नाही. मी त्याला म्हणते, छान झाली आहे."

नुहादने मान खाली घातली. ती वाटी तिला चांगली आठवत होती. निळ्या काठाची, झाकणाला रबर लावलेलं. खीर रोज तळाला करपलेली असायची आणि हज्जांना तर तेव्हा पाण्याचा घोटही उतरत नव्हता. डॉक्टर निघून गेले की त्या फिर्यालला खूण करायच्या. फिर्याल दाराआड उभी राहून ती करपट, अगोड खीर चमचाचमचा संपवायची, वाटी धुऊन ठेवायची. रिकामी वाटी घेऊन घरी जाताना डॉक्टरांचा चेहरा उजळलेला असे. आईची भूक अजून शाबूत आहे, असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत.

"मला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नये, अशी शपथ मी या मुलीला घातली आहे," डॉक्टर वाचत होते. आता सभागृहात कुणी खोकतही नव्हतं. "त्याच्याजवळ मला द्यायला हे एकच औषध उरलं आहे आणि ते मी न चुकता घेते. मात्र खरं बोलणाऱ्या माणसाला या इस्पितळात बक्षीस मिळावं, एवढी माझी इच्छा आहे. मिळायचं नाही, हे मला माहीत आहे."

पत्र संपलं. टाळ्या सुरू झाल्या, हळूहळू वाढल्या, माणसं उभी राहिली. कुणी डोळे टिपत होतं. अध्यक्ष किती हळव्या मनाचे आहेत, असं नुहादच्या मागे कुणीतरी म्हणालं. डॉ. हिकमत पाकिटाकडे पाहत उभे होते. ते फोडल्याशिवायही त्यांना आतलं नाव कळलं असावं, कारण ते फोडताना त्यांनी आत पाहिलंच नाही. ते तिसऱ्या रांगेकडे पाहत होते.

"सिस्टर नुहाद," ते म्हणाले.

"जा," फिर्यालने तिला ढोसलं. "जा गं. आता बसून काय होणार?"

ते वीस पावलांचं अंतर आपण कसं चाललो ते नुहादला कळलं नाही. टाळ्या तिला लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारख्या ऐकू येत होत्या. बावीस वर्षं गेली, असं ती मनाशी म्हणत होती. धाकट्याची अजून दोन वर्षं कॉलेजची, आणि उद्या युनिफॉर्म धुऊन द्यायचा. गंमत म्हणजे त्या क्षणीही तिला आठवलं की दुसरा युनिफॉर्म गच्चीवर वाळत आहे.

डॉक्टरांनी काचेचं मानचिन्ह तिच्या हाती दिलं आणि आपल्या बाजूची कड सोडली नाही. छायाचित्रकार म्हणाला, इकडे बघा. दोघांनी इकडे पाहिलं.

"कधी?" डॉक्टरांनी ओठ फारसे न हलवता विचारलं.

"तुम्ही अकाबाला गेला होतात, त्या दिवशी."

गणिताच्या बाईंचा मुलगा, त्याला वजाबाकीला वेळ लागला नाही. "अडतीस दिवस," ते म्हणाले. "अडतीस दिवस मी तिच्यासमोर बसून..."

"अजून एक, साहेब," छायाचित्रकार म्हणाला. "थोडं हसून."

"मला तरी सांगायचं होतंत."

"त्यांची शपथ होती, डॉक्टर."

"आणि मी जे बजावलं होतं?"

"तेही आठवत होतं." नुहादने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. एवढं झाल्यावर आता घाबरण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. "पण त्यांनी मला विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही."

छायाचित्रकाराने अंगठा दाखवला आणि तो खाली उतरला. डॉक्टरांची बोटं अजून काचेवरच होती. नखं पांढरी पडली होती.

"उद्या ड्युटी आहे तुमची?"

"सकाळची."

"या," ते म्हणाले. मग अगदी खालच्या आवाजात, शाळेतल्या मुलाने निकाल विचारावा तसं त्यांनी विचारलं, "सिस्टर, ती मुहल्लबिया. खात होती ना ती?"

नुहादने सभागृहाकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेत जांभळा स्कार्फ उठून दिसत होता.

"रोज," ती म्हणाली. "वाटी पुसून खायच्या."

डॉक्टरांनी मान हलवली. एकदा, मग आणखी एकदा. मग त्यांनी मानचिन्ह सोडलं.

नुहाद जागेवर येऊन बसली. काच मांडीवर जड लागत होती. फिर्यालने तिच्याकडे पाहिलं, मानचिन्हाकडे पाहिलं, व्यासपीठावर एकट्या उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे पाहिलं.

"काय विचारत होते एवढं?"

"वाटीचं."

फिर्यालने विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हणाले, खात होत्या."

फिर्यालने स्कार्फच्या टोकाने आपलं तोंड पुसलं.