आई-बाबांचा चहा

"अहो थांबा, ती लाल छत्रीवाली राहिली," लताबाई म्हणाल्या आणि मल्हारींनी ब्रेकचे बटण दाबले. बस थांबली नाही. पडद्यावर ती क्षणभर गोठली, मग चार उड्या मारून थांब्याच्या पार पुढे जाऊन उभी राहिली. छत्रीवाली मागेच राहिली. लताबाई उठल्या आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या.

नाशिक रोडच्या त्या दोन खोल्यांत दिवसाचा एवढाच तास जिवंत होता. हर्षाली तीन दिवसांच्या तापात गेली, त्याला दोन वर्षे होत आली होती. एकुलती एक मुलगी. कॉम्प्युटर तिचा, त्यातला बस चालवायचा गेमही तिचाच. दीड वर्ष त्यावर चादर होती. मग एकदा मल्हारींनी धीर करून तो लावला, तेव्हा लताबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलल्या, "डावीकडं घ्या."

तेव्हापासून रोज साडेपाचला बस सुटायची. मल्हारी चालक, लताबाई वाहक, आणि वाहक असली कडक की एकही प्रवासी मागे राहता कामा नये. पूर्वी या वेळी दोघे गॅलरीत चहा घेत बसायचे. तिथून गल्लीचे टोक दिसायचे आणि साडेसहाला हर्षालीची गाडी तिथे वळायची. ती गेल्यापासून गॅलरीचे दार बंदच होते.

बस पहिल्यापासून थोडी अडखळायची, पण गेल्या महिनाभरात तिने अगदीच मान टाकली. रोज कुणीतरी मागे राहायचे आणि लताबाई रोज लवकर उठून जायच्या. बस बंद पडली तर ही पुन्हा मुकी होईल, या भीतीने मल्हारींचा जीव थाऱ्यावर नव्हता. जेल रोडला दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या अंजलीला त्यांनी घरी बोलावले. ती सकाळी अकराला आली, तर बस सुरळीत धावली. आपणच खोटे बोललो की काय, असे मल्हारींना वाटले. साडेपाचला येऊन बघ, म्हणून त्यांनी गळ घातली, आणि दुसऱ्या दिवशी ती खरेच आली.

ठोक्याला बस गोठली. अंजलीने दोन-तीन खिडक्या उघडून पाहिल्या.

"काका, मशीन चांगलंय. व्हायरसपासून राखण करणारा प्रोग्राम आहे ना, तो मागं गुपचूप चालू होतो. एकेक फाइल काढून तपासतो, महिन्यापूर्वी अपडेट झाल्यापासून तर जास्तच कसून. सगळी ताकद त्यातच जाते, मग गेमला काय उरणार?"

"म्हणजे झडती," मल्हारी म्हणाले.

झडती त्यांना कुणी शिकवायला नको होती. नोटांच्या छापखान्यात तेहतीस वर्षे काढलेला माणूस. रोज सुटी झाली की रांगेत उभे राहायचे, हात वर करायचे, खिसे चाचपून घ्यायचे आणि मोकळ्या हातांनी घरी यायचे. पुढे पुढे स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडतानाही हात आपोआप वर व्हायचे. हर्षाली खिसे चाचपायची आणि शिपायाच्या थाटात म्हणायची, "काही सापडलं नाही, जाऊ द्या यांना."

"वेळ बदलून देते. सकाळी लावू," अंजली म्हणाली आणि मध्येच थांबली. "या तपासणीला कुणीतरी नाव दिलंय."

"काय नाव?"

"आई-बाबांचा चहा. रोज साडेपाच."

मल्हारींना आठवले. बाबा, चहाच्या आधी कॉम्प्युटरचे तेवढे बटण दाबून ठेवत जा, असे हर्षाली सांगून जायची. ते दाबायचे. का, ते कधी विचारले नव्हते. ती कामावर, हे दोघे गॅलरीत. या तासात कॉम्प्युटरला कुणाचा हात लागणार नाही, हे तिने धरले होते. ज्या तासात ते तिच्या खुर्चीत येऊन बसत होते, तो तास तिने त्यांच्या चहासाठी ठेवला होता.

"परत वाच गं," मागून लताबाई म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलेच नव्हते. अंजलीने परत वाचले. मग हळूच विचारले, "बदलू का वेळ?"

मल्हारी हो म्हणणार होते.

"राहू दे," लताबाई म्हणाल्या. "तिनं लावलीय ती वेळ. बस आपण साडेसहाला सोडू."

दुसऱ्या दिवशी साडेपाचच्या आधी मल्हारींनी बटण दाबले. गॅलरीची कडी गंजली होती, ती वरवंट्याने ठोकून काढावी लागली. लताबाईंनी दोन कप आणले. दोघे गल्लीच्या टोकाकडे बघत बसले. तिथे भाजीची गाडी वळली, शाळेची रिक्षा वळली, एक पोस्टमन वळला. साडेसहा वाजले. कुणीच कुणाकडे पाहिले नाही.

आतून टिंग असा आवाज आला. मल्हारी उठले. उंबऱ्यावर त्यांचे दोन्ही हात आपोआप वर झाले आणि तसेच थोडा वेळ राहिले. मराठीतून वाचता यावे म्हणून हर्षालीने त्यांच्यासाठी भाषा बदलून ठेवली होती. पडद्यावर लिहिले होते, तपासणी पूर्ण, काहीही सापडले नाही.

"झालं का?" लताबाईंनी बाहेरून विचारले.

"झालं," ते म्हणाले. हात खाली घेतले आणि लताबाईंची खुर्ची पडद्यासमोर सरकवून ठेवली.