भिंतीला टेकलेला ड्रायर

माझ्या धाकट्या बहिणीचा ड्रायर भिंतीला टेकतो. टेकतो म्हणजे अगदी पाठ लावून उभा राहतो, मध्ये बोट शिरत नाही. मला हे कळायचं काहीएक कारण नव्हतं, पण आई तिच्याकडे राहून आली आणि येता-जाता तेवढंच सांगायला लागली. "चिमणीचं मशीन बघ गं जाऊन, मोठे. भिंतीला टेकतं."

चिमणी म्हणजे धाकटी. तिच्या डोक्यावर आता काळ्यापेक्षा पांढरे केस जास्त आहेत, तरी आईसाठी ती चिमणी. मी मोठी. मला लाडाचं नाव ठेवायला आईला वेळ मिळाला नसावा.

तर धाकटीचा टेकतो आणि माझा टेकत नाही. ड्रायर कपड्यांतली गरम, ओली हवा मागच्या जाड पाइपातून भिंतीच्या भोकात सोडतो, आणि त्या पाइपाला वळायला जागा लागते. म्हणून सगळ्या जगाचे ड्रायर भिंतीपासून वीतभर पुढे उभे असतात. कोणाचं काही बिघडत नाही. पण धाकटीने भिंत आतून कोरून घेतली आणि तिच्यात पत्र्याचा एक खोका बसवला. पाइप त्या खोक्यात वळतो, मशीन मागे सरकतं, आणि आई माझ्या घरी बसून त्याचे गोडवे गाते.

मी हे नाक मुरडून सोडून दिलं असतं. पण आमचा ड्रायर उभा आहे पॅसेजमध्ये, भिंतीतलं भोक तिथेच आहे म्हणून. आणि पॅसेजच्या टोकाला आहे बाथरूम. आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला, आणि तो वॉकर मशीनपाशी अडायला लागला. चार बोटांनी अडायचा. आई वॉकर तिथेच सोडायची, मशीनला धरून आडवी आडवी पलीकडे जायची. मी मागे उभी, जीव मुठीत धरून.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी हा प्रकार पाहिला आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. "वॉकर सोडून एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. पुन्हा पडल्या तर पुन्हा उभ्या राहतील असं मी सांगू शकत नाही. मशीन हलवा, नाहीतर यांना हलवा."

मशीन काढून टाकायचीही सोय नव्हती. आमचं घर तळमजल्यावर, ऊन येत नाही, आणि आईची चादर रोज धुवावी लागते. कधी दिवसातून दोनदा. हे आई कोणाजवळ बोलत नाही, मीही बोलत नाही.

बाईंचं बोलणं धाकटीपर्यंत कसं पोचलं ते विचारू नका. आईच्या उशाशी फोन असतो. संध्याकाळी धाकटीचा मला फोन आला, आवाजात साखर घोळलेली. "ताई, आईला माझ्याकडेच पाठव ना कायमची. इथे वॉकर कसा सरळ जाईल. तुझीही जरा सुटका होईल. रविवारी गाडी करून येते मी."

सुटका म्हणे. तिच्या त्या एका शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे आहे. तिची औषधं, तिची चिडचिड, तिचं दुखणं सगळं माझं, आणि आता एका पत्र्याच्या खोक्यावरून ती धाकटीची होणार. मला आई हवी होती. तिने माझं कधी कौतुक केलं नाही, म्हणून तर जास्तच हवी होती. ती धाकटीकडे गेली असती तर ते कौतुक ऐकायची उरलीसुरली आशाही गेली असती.

"ये की रविवारी," मी म्हणाले. "पण गाडी रिकामीच न्यावी लागेल. आम्हीही खोका बसवतोय."

बसवत बिसवत काही नव्हतो. खोका कुठे मिळतो, कोण बसवतं, हे धाकटीला विचारणं म्हणजे तिच्या दारात ओंजळ धरणं. त्यापेक्षा मी शनिवारी नवऱ्याला म्हटलं, चला, ढकला.

"अगं, पाइप चेपेल," नवरा म्हणाला. त्याला बोलायची सवय नाही, त्यामुळे तो बोलतो तेव्हा मी ऐकत नाही.

आम्ही दोघांनी खांदा लावला. मागे काहीतरी कुरकुरलं, मग दबलं, आणि मशीन भिंतीला टेकलं.

रविवारी धाकटी आली. आई वॉकर घेऊन पॅसेजमधून थेट गेली, थेट परत आली. धाकटीने मशीनवर हात ठेवला, भिंतीकडे पाहिलं.

"बसवलास?"

"बसवला."

तिचा चेहरा पडला. लपवता येईना तिला. चहा अर्धा टाकून गेली. मी तिचा कप विसळताना गुणगुणत होते, हे मला नवऱ्याने सांगितलं.

सोमवारी चादर लावली. नेहमीचा वेळ झाला, दार उघडलं, तर चादर कोमट आणि ओली. पुन्हा लावली. पॅसेजची भिंत घामेजली, मशीनच्या डोक्यावर हात ठेववेना, आणि करपल्याचा वास आला. नवऱ्याने धावत येऊन वायर उपटली. पाइप चेपला होता, हवेला वाट नव्हती, कापडाचा भुगा आतच अडकून तापत होता. "आग लागेल एक दिवस," तो म्हणाला. तीन दिवसांत तिसऱ्यांदा बोलला, म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

मशीन पुढे ओढलं तर वॉकर अडणार. वॉकर अडला तर आई जाणार. आणि मी धाकटीच्या तोंडावर "बसवला" असं सांगून बसले होते. आतून आई म्हणाली, "बंद का केलं गं? आवाज छान येत होता. चिमणीच्या मशीनचा असाच येतो."

मग मी मशीन थंड हवेवर टाकलं. रिकामंच. त्यात ताप नाही, धोका नाही, नुसतं फिरतं. आई ऐकत ऐकत दुपारची झोपायची, तोवर मी ओल्या चादरी पिशवीत भरून बाहेर पडायची. नाणी टाकून मशीन चालवायची एक लॉन्ड्री आमच्या कोपऱ्यावर आहे, पण तिथे ओळखीचे लोक. मी बसने लांबच्या लॉन्ड्रीत जायची, पेट्रोल पंपामागच्या. चादरी तिथे वाळवायच्या, गरम असतानाच ब्लँकेटमध्ये गुंडाळायच्या, आणि आई उठायच्या आत तिच्या पलंगावर घालायच्या. नवरा घरी थांबायचा. त्याला एकच काम दिलं होतं, मशीन थांबलं की बटण दाबायचं.

आई ऊबदार चादरीवरून हात फिरवायची. "चिमणीकडे अशीच असते," म्हणायची.

माझ्या पोटात दुखायला लागलं ते इथून. मी बस धरून, नाणी मोजून, पाठीचा कणा मोडून ही ऊब घरात आणते आणि तिचं श्रेयसुद्धा धाकटीला. अशाच एका दुपारी लॉन्ड्रीत शिरले तेव्हा मी मनातल्या मनात तिला बोलतच होते, आणि समोर ती.

ती बाकावर बसली होती. पायाशी ओल्या कपड्यांची भली मोठी पिशवी. मला पाहून तिने आधी पिशवी पायाने बाकाखाली सारायचा प्रयत्न केला. पिशवी गेली नाही.

"लाइट गेलेत आमच्याकडे," ती म्हणाली.

"आमच्याकडेही," मी म्हणाले.

लॉन्ड्रीची दहा मशीनं गरगरत होती. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत बसलो. मग तिचं एक मशीन थांबलं, आणि तिथल्या बाई आतून म्हणाल्या, "ताई, रोजच्यासारखं अजून एकदा फिरवू का?"

रोजच्यासारखं. मी धाकटीकडे वळले. तिने ओढणीने तोंड पुसलं आणि सगळं सांगून टाकलं.

खोका बसवला होता, तो खरा. फिटर म्हणाला होता पाइप इमारतीच्या हवा जायच्या उभ्या शाफ्टमध्ये सोडू. भिंत कोरून झाल्यावर कळलं की शाफ्ट वरून बंद केलेला आहे. बाहेरच्या भिंतीला भोक पाडू म्हटलं तर इमारतीच्या लोकांनी नकार दिला. तोवर आईचं तिच्याकडे राहायला यायचं ठरलं होतं. तिने खोक्याला झाकण लावलं, मशीन मागे ढकललं, आणि आई आली की थंड हवेवर रिकामं चालू केलं.

"रिकामं?" मी विचारलं.

"मग काय. तिला आवाज आवडतो. चादरी इथून न्यायचे."

मला हसू आलं नाही, खरं सांगते. मला वाटलं, ही कल्पनासुद्धा माझ्या आधी तिलाच सुचली.

"पण कशासाठी एवढं?" मी म्हणाले. "तुझं तर ती दिवसरात्र कौतुक करते. तुला कशाला खोके लागतात?"

"माझं?" धाकटीचे डोळे भरले, पण आवाज चिडका होता. "माझ्याकडे आली की सगळं तुझं. मोठी चादरीचे कोपरे कसे ताणून घालते. मोठीच्या हाताला चव आहे. मोठीने नुसतं औषध दिलं तरी अर्धं दुखणं जातं. मोठीच्या घरी मला झोप लागते, तुझ्याकडे नाही लागत. ताई, माझ्या घरी माझ्याच पलंगावर बसून ती हे म्हणते. मला वाटलं, एक गोष्ट तरी माझ्याकडे तुझ्यापेक्षा बरी असू दे. एक मशीन तरी."

दुसरी कोणी असती तर तिने बहिणीला मिठी मारली असती. मला काय झालं ते सांगते. माझा जळफळाट झाला. माझं कौतुक, माझं, इतकी वर्षं होत होतं, आणि ते सगळंच्या सगळं ऐकलं कोणी तर हिने. आईने माझ्या वाटणीचं ते नेऊन हिच्या पदरात घातलं होतं, आणि ही बया ते ऐकून वर रडत होती.

"आणखी काय म्हणते?" मी विचारलं.

"आता तुझी पाळी," धाकटी म्हणाली. "माझं काय म्हणते ते सांग आधी."

मी सांगितलं. तिचं मशीन, तिचं नीटनेटकं घर, फोनवरचा तिचा गोड आवाज. ती गाल पुसत ऐकत होती. एक मात्र मी ठेवून घेतलं. चिमणी हसली की मला माझी आई दिसते, असं आई म्हणते. ते मी कधीच सांगणार नाही. तिनेही काहीतरी ठेवूनच घेतलं असणार, मी ओळखते तिला.

चादरी वाळल्या. दोघींनी दोन-दोन टोकं धरून घड्या घातल्या. पिशवीचं तोंड बांधता बांधता ती म्हणाली, "खोका घेऊन जा माझा. चार स्क्रूवर आहे. तुझ्याकडे बाहेर भोक आहे, तुझ्याकडे चालेल तो."

"आणि आई?"

"आई वॉकर जाईल तिथे राहील," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता बसच्या रांगेत उभी राहिली. तिने आई मला देऊन टाकली होती.

नवरा जाऊन खोका घेऊन आला. गवंड्याने भिंत कोरली, पाइप नवा घातला, खोक्यात वळवला, भोकापर्यंत नेला. मशीन हलक्या हाताने सरकवलं तरी मागे गेलं आणि टेकलं. चादर लावली, तर एकाच फेरीत करकरीत वाळली. बाहेर जाऊन मी भोकापुढे हात धरला, गरम हवा तळव्यावर आली. आई वॉकर घेऊन आली, न थांबता बाथरूमपर्यंत गेली. परत येताना मशीनजवळ उभी राहिली. मी वाट बघत होते.

"बसलं नीट," ती म्हणाली. "चिमणीसारखं."

संध्याकाळी चादरींची दुसरी खेप लावली होती. आई तिच्या खोलीत पलंगावर, फोन कानाशी, दार अर्धवट उघडं. मी पॅसेजमधून जात होते. फोनवर धाकटी होती, हे आईच्या आवाजावरून कळलं. "अगं मोठीने ना," आई म्हणत होती, आणि पुढचं सगळं मशीनच्या घरघरीत बुडालं. मी दाराजवळ सरकले. "मोठीला" ऐकू आलं. "एकटीने" ऐकू आलं. मग आई बराच वेळ बोलत राहिली, हळू, मन लावून, आणि मला त्यातलं अक्षरही लागेना.

हे मला ऐकायचं होतं. पन्नाशी उलटल्यावर एकदा तरी. मी हात लांबवला आणि मशीन बंद केलं.

घर एकदम शांत झालं. आई बोलायची थांबली.

"मोठे," तिने आतून हाक मारली. "बंद का पडलं गं?" मग फोनमध्ये, चांगल्या मोठ्या आवाजात, "थांब हं, आमचं बंद पडलं. तुझं बरं बाई. तुझं नाही असं मध्येच थांबत."

मी बटण दाबलं. मशीन पुन्हा फिरायला लागलं, आणि आईने आवाज खाली आणून पुढचं सांगायला घेतलं.